हाताची घडी, तोंडावर बोट

आमच्या सरांना आवाजाचं वावडं होतं. कसल्याही आवाजाचं. शेजारी कुणी शिंकलं तरी ते मान वळवून असं बघायचे, की शिंकणाऱ्याने त्यांचा खिसाच कापला असावा. त्यांची उभी हयात एका शाळेच्या ग्रंथालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली गेली होती. त्या पाटीखाली बसून माणसाला विद्वत्ता येते की नाही, मला ठाऊक नाही. सरांना एवढंच कळलं होतं, की जगातली सगळी भानगड माणसं बोलतात म्हणून होते. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर घरी बसून शब्दकोडी सोडवावीत. सरांनी आमची फुटबॉल टीम घेतली.

घेतली म्हणजे काय, द्यायला दुसरं कुणी नव्हतंच. भांडुपच्या आमच्या क्लबात मुलांच्या फुटबॉलला चांगला शिकलेला कोच, क्रिकेटला तर कोचांची रांग, आणि मुलींना जो फुकट मिळेल तो. सर फुकट मिळाले. फुकट ते पौष्टिक, हे आमच्या कमिटीचं सगळ्याच बाबतीतलं धोरण. सरांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. एकदा चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी गेला, तर त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, उलटसुलट करून पाहिला, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिला. परत आलेल्या पुस्तकाची पानं तपासून घ्यावीत तसा. मात्र नियमांचं पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर ते आम्हाला फुटबॉल शिकवत होते. नेहमी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट. सगळ्या सीझनमध्ये त्या बुटांना कधी माती लागलेली मी पाहिली नाही. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. शिट्टी वाजते ना!

टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढला. त्यात मेसेज टाकायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला, म्हणजे सरांना. उद्याची प्रॅक्टिस किती वाजता, हे आम्ही वाचायचं आणि अंगठा दाखवायचा. एकदा आमच्या राइट बॅकला, कांबळेला, ताप आला होता. येत नाही हे कळवायला तिला सरांच्या घरी फोन करावा लागला, आणि फोनवर सर म्हणाले, "हळू बोला."

मी गोलकीपर होते. घाटकोपरला एका चाळवजा बिल्डिंगमध्ये आम्ही राहत होतो. घरात माणसं जास्त आणि भिंती पातळ, त्यामुळे लहानपणापासून मी एकच शब्द ऐकत आले होते, 'हळू'. हळू बोल, हळू हस, शेजारी काय म्हणतील. भांडुपचं ते मैदान, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मिळणारं, ही माझ्या आयुष्यातली एकमेव जागा होती जिथे 'हळू' म्हणणारं कुणी नव्हतं. आणि मग तिथेही सर आले.

कमिटीचा डोळा आमच्या त्या तीन संध्याकाळींवर होताच. क्रिकेटच्या कोचिंगला गर्दी वाढली होती, त्यांना मैदान हवं होतं. अध्यक्षांनी सीझनच्या सुरुवातीलाच आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "या वर्षी लीगच्या वरच्या गटात टिकलात तर ठीक. खाली घसरलात तर मुलींची टीम बंद, मैदान क्रिकेटला." सर मागे उभे होते. त्यांनी मान डोलावली. आमच्या बाजूने एक शब्द बोलावा असं त्यांना वाटलं नाही. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

सरांची एक थिअरी होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी मैदानावर फक्की टाकून समजावली. मागच्या चार जणींसाठी त्यांनी पांढऱ्या फक्कीचे चार गोल काढले, एका रांगेत. म्हणाले, "डिफेन्स म्हणजे कपाट. प्रत्येक पुस्तकाची जागा ठरलेली. आपापल्या जागी ताठ उभं राहायचं. पुस्तक कधी बोलतं का?"

"सर, पण समोरची टीम काय एका जागी उभी राहणार आहे?" कांबळेने विचारलं.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. उत्तर नसलं की ते हेच करायचे.

त्या कपाटातलं मधलं पुस्तक होती परब.

परबचं वर्णन करायचं तर खेळाडू म्हणून करण्यासारखं फार नव्हतं. अंगाने जड. धावायला लागली की वळायला तिला ट्रकइतकी जागा लागायची. डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता. हेड मारताना डोळे मिटायची. पण तिचं तोंड! रेफरीने शिट्टी दिल्यापासून शेवटची शिट्टी होईपर्यंत ते तोंड चालू असायचं. "कांबळे, आत ये. आत! सावंत, तुझ्या मागे एक आहे. सोड, सोड तिला, ती येत नाही. चला वर, सगळ्या वर, चला!" आणि पारा चढला की थेट मालवणीत. "खय बघतंस गो? बॉल हडे आसा!" दुसऱ्या टीमच्या फॉरवर्डलाही ती सोडायची नाही. "काय गो, जेवून आलीस काय? धावूक नाय येणा तुका?" त्या बिचारीला मालवणी कळत नसे, पण आपला उद्धार चाललाय एवढं कळे, आणि तिचं अर्धं लक्ष तिथेच जाई.

खरं सांगायचं तर आम्हालाही ती कटकट वाटायची. घरी गेल्यावरही कानात तीच वाजायची. सावंत ही आमची लेफ्ट बॅक, जात्याच गरीब. तीसुद्धा एकदा म्हणाली, "यार, हिचं तोंड दुखत नाही का?" कांबळे म्हणाली, "आपले कान दुखतात ते पुरे नाही का?"

मैदानाला लागून एक सोसायटी होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक काका बसलेले असायचे. त्यांनी क्लबात तक्रार केली, की मुली फार ओरडतात, शोभत नाही. पलीकडे क्रिकेटची पोरं 'आऊट आहे'वरून एकमेकांच्या आयाबहिणी काढत होती, ते त्यांना शोभत असावं. सरांना तक्रारीने आनंदच झाला. ज्याची वाट बघत होते ते हाती लागलं. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर बोलायला बंदी. मॅचमध्येसुद्धा.

"मग कळणार कसं सर, कुणी काय करायचं?" मी विचारलं.

त्याची सोय सरांनी केलेली होती. त्यांनी खिशातून दोन रुमाल काढले. एक लाल, एक पिवळा. दोन्हींना इस्त्री. लाल रुमाल हलवला की सगळ्यांनी पुढे सरकायचं, पिवळा हलवला की मागे. सर रेषेबाहेर उभे राहून डिफेन्स चालवणार. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पाहिले होते. पण ती माणसं निदान हाकारे तरी घालतात.

गोलकीपरसाठी वेगळी आज्ञा होती. गोलकीपर पुढे येऊन चेंडू पकडणार असेल तर जोरात ओरडते, "माझा!" त्या एका शब्दावर मधल्या सगळ्यांनी बाजूला व्हायचं असतं, नाहीतर डोकी आपटतात. परबने तर आमच्याकडून हे घोटून घेतलं होतं. मी "माझा!" म्हटलं रे म्हटलं, की चौघी दार उघडावं तशा दोन्ही बाजूंना व्हायच्या. सर म्हणाले, "तुम्ही ओरडायचं नाही. हात वर करायचा." आता डिफेन्सची तोंडं समोर, आणि मी त्यांच्या पाठीमागे. मी हात वर केला काय आणि दोन्ही पाय वर केले काय, दिसणार कुणाला? हे मी सरांना चेंडू, चार दगड आणि माझी पाण्याची बाटली मांडून दाखवलं. सर लक्षपूर्वक बघत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "बाटली उचला, मैदान स्वच्छ ठेवावं." पालथ्या घड्यावर पाणी.

परबने रुमालाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बंदीनंतरच्या पहिल्याच मॅचला आम्ही एका गोलने पुढे होतो. सरांना अचानक काय स्फुरलं कुणास ठाऊक, त्यांनी लाल रुमाल हलवला. सावंत आणि कांबळे पुढे सरकणार, एवढ्यात परब गरजली, "कुणी हलायचं नाही! मागे, मागे, मागे!" सगळ्या तिच्या आवाजासरशी मागे फिरल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांची फॉरवर्ड एकटीच चेंडू घेऊन आली, आणि समोर चौघी उभ्या बघून तिने चेंडू बाहेर मारला. आम्ही जिंकलो. आम्ही परबला मिठ्या मारत होतो, आणि सर रुमालाची घडी घालत होते. कोपऱ्याला कोपरा जुळवून, सावकाश.

पुढच्या प्रॅक्टिसला सर परबला म्हणाले, "तिकडे रेषेबाहेर उभ्या राहा. हाताची घडी, तोंडावर बोट. प्रॅक्टिस संपेपर्यंत."

आम्हाला आधी वाटलं, चेष्टा आहे. सरांनी आयुष्यात चेष्टा केली नव्हती.

"सर," परब म्हणाली, "मी कामाला जाते. माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत."

"इथे तुम्ही विद्यार्थिनी आहात."

"मॅच वाचवली ना मी?"

"मॅच येतात आणि जातात. शिस्त राहते."

परबने आमच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि हसायला लागली. तिचं हसणंही तिच्या बोलण्यासारखंच, सोसायटीच्या मागच्या गल्लीत ऐकू जाईल असं. मग तिने मोजे काढले, बूट एकमेकांवर आपटून माती झाडली, आणि बॅग खांद्याला लावली. जाताना मला म्हणाली, "सांभाळ गो." बस्स. तिच्या बोलण्यातलं मी ऐकलेलं सगळ्यांत छोटं वाक्य.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, तिच्याशिवाय मागे कुणी बोलत नाही. ती बघते, आम्ही धावतो. ती गेली तर बघणार कोण?"

सर म्हणाले, "एक पुस्तक काढलं म्हणून कपाट पडत नाही."

या वाक्याचा मला आजही संताप येतो. ज्याला पुस्तकांतलं काही कळत नाही अशा माणसाने ते म्हटलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण ज्याने अख्खा जन्म पुस्तकं लावण्यात घालवला, त्याला एवढं माहीत नसावं, की उभ्या रांगेतलं मधलं एक काढलं की बाकीची ताठ राहत नाहीत, मोकळ्या जागेत तिरकी होतात? आमच्या घरातल्या फळीवरची दहावीची गाइडंसुद्धा तिरकी व्हायची.

परबच्या जागी सरांनी पवईची एक मुलगी आणली. ती रीतसर अकॅडमीत शिकलेली. तिच्या पायाला चेंडू चिकटून राहायचा, दोन्ही पायांनी खेळायची, हेड मारताना डोळे उघडे. परबपेक्षा कितीतरी पटीने सरस. आणि स्वभावाने अबोल. सर तिच्यावर इतके खूश, की तिला त्यांनी 'आदर्श' म्हणून आमच्यासमोर उभं केलं. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता. पहिल्या दिवशी तिने मला हळूच विचारलं होतं, "ताई, इथे मागे कॉल कोण देतं, ओरडून कोण सांगतं?"

"रुमाल," मी म्हटलं. तिला वाटलं, हे कुणाचं तरी आडनाव आहे.

परबशिवायची पहिली मॅच मुलुंडच्या टीमशी होती. पहिली पाच-दहा मिनिटं मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू. कान मोकळे. मग एक साधा चेंडू आला, उंच, हळू, कांबळे आणि पवईची यांच्या बरोबर मध्ये. परब असती तर केव्हाच म्हणाली असती, "कांबळे, तुझा." कांबळेने पवईच्या मुलीकडे पाहिलं. पवईच्या मुलीने कांबळेकडे पाहिलं. दोघी सभ्यपणे थांबल्या. चेंडू दोघींच्या मध्ये पडला, आणि तिसरीने येऊन माझ्या डोक्यावरून जाळ्यात घातला.

"यार, मला वाटलं तू जाशील!"

"मला वाटलं तुम्ही जाल!"

त्या सीझनमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आमच्या टीमचं ते घोषवाक्यच झालं असतं. पण आमच्या टीमला घोषणा द्यायलाही बंदी होती.

हळूहळू काय होतंय ते मागून मला स्पष्ट दिसायला लागलं. कांबळेचा मधल्या जागेवर विश्वास राहिला नाही, म्हणून ती आपली बाजू सोडून एकेक पाऊल आत सरकायला लागली. ती आत आली म्हणून तिची बाजू उघडी पडली, आणि तिकडून क्रॉस, म्हणजे कडेने थेट गोलसमोर मारलेले चेंडू, यायला लागले. त्या भीतीने सावंतही पलीकडून आत आली. म्हणजे चौघी मध्ये दाटीवाटीने, आणि दोन्ही बाजूंना रान मोकळं. एकीचाही खेळ बिघडला नव्हता. कांबळे तीच, सावंत तीच, नवी तर जुनीपेक्षा चांगली. फक्त आधी प्रत्येकीला आपलं एकच काम होतं, आता प्रत्येकीला दोन झाली होती, एक स्वतःचं आणि एक परबचं. आणि दुसरं कुणालाच जमत नव्हतं.

सरांनी फक्कीचे गोल आणखी ठळक काढले.

रुमालांची कमाल बघायची तर देवनारची मॅच बघायला हवी होती. तिकडचं मैदान, कडक ऊन, आणि वारा कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडकडून येणारा. बरोबरी चालू होती. चेंडू पार पलीकडे, त्यांच्या गोलपाशी. आणि सरांनी पिवळा रुमाल काढून जोरजोरात हलवला. डिफेन्सने बघितलं आणि सगळ्या जीव घेऊन मागे पळत सुटल्या, माझ्या अगदी अंगावर येऊन उभ्या राहिल्या. मधलं अख्खं मैदान रिकामं. त्यांच्या मुलीने चालत यावं तसा चेंडू आणला, आणि आमच्या गर्दीतून मला तो दिसायच्या आत गोल झाला. मी धावत सरांकडे गेले. "सर, मागे का बोलावलंत?"

सर रुमाल नाकाला लावून उभे होते. म्हणाले, "मी वास घालवत होतो. तुम्हाला एवढी अक्कल नको?"

कांबळे तिथेच खाली बसली. तिला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना.

अशा थाटात आम्ही शेवटच्या मॅचपर्यंत घसरत आलो. हिशेब सरळ होता. घरच्या मैदानावर शेवटची मॅच, ती हरलो नाही तर वरच्या गटात राहणार. बरोबरीसुद्धा चालणार होती. हरलो तर टीम बंद. क्रिकेटवाल्यांनी नेट लावायचे खांब आधीच आणून भिंतीशी ठेवले होते. वॉर्म-अप करताना आमची नजर सारखी तिकडेच जात होती.

हाफटाइमला एक-एक होतं. दुसऱ्या हाफला मी माझ्या गोलमध्ये आले, तर मागच्या कठड्यावर परब बसलेली. कामावरून तशीच आलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, मांडीवर भेळेचा कागद.

"काय गो, काय वाट लावून ठेवली तुम्ही?" ती म्हणाली.

आणि खेळ सुरू झाला तशी तिने तोंड सोडलं. "कांबळे, बाहेर! बाहेर जा, तुझी बाजू बघ! सावंत, थांब. थांब. आता जा! ए पवई, तुझा, तुझा, घे!" पवईच्या मुलीने तिला आधी कधी पाहिलंही नव्हतं, पण आवाज ऐकला आणि गेली. मी डोळ्यांनी बघत होते, कपाट ताठ होत चाललं होतं. कांबळे तिच्या जागी गेली. सावंत तिच्या जागी गेली. दुसरी टीम येऊन येऊन आपटत होती. मला वाटलं, वाचलो. खरंच वाटलं.

सर पलीकडच्या बाजूला रुमाल हलवत होते. कुणी बघत नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं, तसे ते रेफरीकडे गेले, आणि आमच्याच मदतीला आलेल्या मुलीला मैदानातून हाकला म्हणून मागणी केली.

"अहो काका," रेफरी म्हणाला, "प्रेक्षक आहे ती. आणि तुमच्याच बाजूने ओरडतेय ना? मग?"

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. गप्प बसणं हीच ज्याची अख्खी कमाई, तो माणूस मात्र तेवढ्यापुरता गप्प बसला नाही. सर निघाले. पांढऱ्या बुटांनी, रेषेवर पाय न देता, मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालून माझ्या गोलमागे आले. परबच्या समोर, नाकासमोर उभे राहिले. तिला मैदान दिसेना.

"सर, बाजूला व्हा! दिसत नाही!"

सरांनी तिच्यासमोर हाताची घडी घातली आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. असं करून दाखवलं, लहान मुलांना दाखवतात तसं.

आवाज थांबला. तिला दिसतच नव्हतं, तर ती सांगणार काय? आणि आवाज थांबला म्हणून आमच्या चौघींनी, चारही जणींनी, काय झालं ते बघायला मागे वळून पाहिलं. चौघींचे चेहरे मला समोरून दिसत होते. डिफेन्सचे चेहरे गोलकीपरला कधी दिसत नाहीत. त्या चेहऱ्यांच्या मागून ती फॉरवर्ड आली. मी सरांच्या हुकमाप्रमाणे हात वर केला नाही, ओरडले, पण तोवर चेंडू माझ्या बगलेखालून गेला होता.

मॅच संपल्यावर सर म्हणाले, "बघितलंत? बोलल्यामुळे हरलात."

आठवड्याभरात नेट लागले. ग्रुपवर सरांचा मेसेज आला, 'टीम विसर्जित. सर्वांना शुभेच्छा.' आम्ही अंगठे दाखवले. दुसरं काही दाखवायची सोय नव्हती.

मध्ये वर्षं गेली. मी घाटकोपर सोडलं नाही, फुटबॉल सुटला. पुढे एक दिवस त्याच मेलेल्या ग्रुपवर मेसेज आला, की सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त क्लबच्या हॉलमध्ये सत्कार आहे, माजी खेळाडूंनी उपस्थित राहावं. नाही म्हणायला ग्रुपवर परवानगीच नव्हती. परबला सरांनी ग्रुपवरून तेव्हाच काढलं होतं, तिला मी फोन केला. म्हणाली, "येतंय. खाणा काय आसा?"

हॉल क्लबचाच, खिडक्या मैदानावर उघडणाऱ्या. स्टेजवर सर, शाल, श्रीफळ, तोच पांढरा शर्ट. अध्यक्ष म्हणाले, "सरांच्या कारकिर्दीत मुलींच्या टीमची एकही तक्रार आली नाही!" टाळ्या. मग सर उठले, माइकपासून हातभर लांब उभे राहून पुटपुटले, "माझ्या मुलींनी मैदानावर कधी आवाज काढला नाही. महिला फुटबॉलला मी शिस्त दिली." पुन्हा टाळ्या. जी टीम त्यांनी बुडवली तिच्या नावाने त्यांना शाल मिळत होती, आणि लोक वाजवत होते. माझ्या कानशिलांपर्यंत राग चढला.

सूत्रसंचालक माइक घेऊन खाली आला. "माजी खेळाडूंपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत." आमच्या पुढच्या रांगेत त्या बसल्या होत्या, कांबळे, सावंत, पवईची, आणि मधे एक खुर्ची सोडून आणखी एक जुनी डिफेन्डर. माइक त्यांच्या समोर आला. कांबळेने सावंतकडे पाहिलं. सावंतने पवईच्या मुलीकडे. पवईची कांबळेकडे. माइक अधांतरी.

"तू जा ना."

"मला वाटलं तू जाशील."

स्टेजवर सरांनी खिशात हात घातला. पिवळा रुमाल बाहेर आला, आणि या वेळी तो कसला वास घालवायला नव्हता. त्यांनी तो आमच्याकडे बघून हलवला. मागे.

शेजारून परबचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "बोल गो."

"माझा!" मी ओरडले.

हॉलमधली सगळी मंडळी दचकली. पुढच्या चौघी मात्र वळूनही न बघता, दार उघडावं तशा दोन्ही बाजूंना झाल्या. मी मधून हात घालून माइक घेतला.

"सर," मी म्हटलं, "परबला काढलंत तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, एक पुस्तक काढलं म्हणून कपाट पडत नाही. तुमचं बरोबर निघालं. कपाट पडलं नाही, ते आज शाल पांघरून उभं आहे. पुस्तकं पडली. आमची टीम गेली, आमचं मैदान गेलं, आणि ते तुमच्यामुळे गेलं."

टाळी वाजली नाही. कुणी खोकलंही नाही. सरांना जन्मभर हवी होती तशी शांतता हॉलमध्ये झाली, आणि त्या शांततेत उघड्या खिडक्यांतून मैदानावरचा आवाज आत यायला लागला. क्रिकेटचा कोच आपल्या पोरांवर खेकसत होता, "कॉल कर रे, कॉल! तोंडाला कुलूप लावलंय काय?"

सरांनी शिपायाला बोटाने खूण केली. तो उठला आणि एकेक करून खिडक्या लावून आला.